सहा मैल सरळ पाणी

माझे वडील क्लेम. एकेचाळीस वर्षं पंपावर,
खोल शेतांतलं पाणी उपसून वरच्या कालव्यात टाकत.
पृथ्वी सपाट आहे हे त्यांना कुणी शिकवलं नाही,
खिडकीतून दिसत होतं.
इथे, इंग्लंडच्या या दलदलीच्या मुलखात,
टेकडी म्हणजे बीटचा ढीग,
तोही फेब्रुवारीपर्यंतच.

मी शहरात. तळघरात.
केसाहून बारीक तारेला तांब्याचे दोन गोळे टांगून
त्यांच्याजवळ शिशाचे मोठे गोळे सरकवते,
आणि तार किंचित पिळते,
इतकी किंचित, की वरून दुधाची गाडी गेली
तर अख्खी रात्र वाया.
अकरा वर्षांत एक आकडा हाती पडला.
पॅरिसचा वेगळा. वूहानचा त्याहून वेगळा.
चौथ्या अंकापाशी आमची तोंडं तीन दिशांना.

हे मी एका रविवारी जेवताना बोलून गेले. चुकलंच.
बाबांनी काटा खाली ठेवला.
"म्हणजे तुम्हालाच ठाऊक नाही."
"ठाऊक आहे बाबा, फक्त नेमकं किती ते—"
"एक म्हणतो ओढ आहे. दुसरा म्हणतो ओढबीढ काही नाही,
जागाच वाकलीय.
तिसरा म्हणतो, न दिसणारं काहीतरी आकाशात भरलंय,
त्याशिवाय हिशेब जमत नाही.
चौथा म्हणतो, भरलंय कसलं, हिशेबच चुकलाय.
आणि वेडा कोण? मी!"
आई म्हणाली, बटाटे निवतायत.

मार्चमध्ये, उजाडता उजाडता,
आम्ही कालव्याकाठी दुर्बीण लावून बसलो.
सहा मैलांवरच्या पुलाखाली
डग्लस फिअरी होडीत, हातात पांढरी चादर.
माझ्या हिशेबाने ती पाण्याआड बुडालेली हवी होती,
चांगली पुरुषभर.
दिसली.
थरथरत होती, पण दिसली.
"पाण्यावर थंड हवा बसलीय, बाबा. उजेड वाकतो त्यात."
"वाकतो," ते म्हणाले. "तुमच्यात सगळंच वाकतं.
पृथ्वी, जागा, उजेड.
वाकत नाहीस ती एकटी तू."

त्या दिवशी फूट पडली. मग गाठ पडेना.
दोन वर्षं मी आईशीच बोलायचे, मागे त्यांचा खोकला ऐकू यायचा.

मग नोव्हेंबर, आणि आईच गेली.
या मातीत दोन हात खणलं की पाणी लागतं.
पेटी खड्ड्यात उतरवली, ती टेकेना. तरंगत राहिली,
बायबलचं पान उलटण्याइतकी हलकी हलत.
माणसं फावडी धरून एकमेकांकडे बघू लागली.
बाबा गुडघ्यांवर बसले, कोटाची बाही भिजली,
झाकणावर तळवा टेकून त्यांनी दाब दिला.
मीही दिला.
घनता, उद्धरण, सगळी सूत्रं मला पाठ होती,
त्यांचीही होती, त्यांची त्यांच्यापाशी.
कुणी काही बोललं नाही.
ती खाली गेली.

गेल्या आठवड्यात ते बसने आले, पहिल्यांदाच.
तळघराच्या पायऱ्या उतरताना कठड्याला घट्ट धरून.
मी सांगितलं, मोजणी चालू असताना आत कुणी थांबत नाही,
माणसाचं वजनही तारेला कळतं.
"माझं?"
"कुणाचंही."
"मग थांबतो."

एक रात्र वाया घालवली. थांबू दिलं.
ते पेटाऱ्यापासून हातभर अंतरावर, टोपी छातीशी धरून,
शवाशेजारी उभं राहावं तसे.
भिंतीवर उजेडाचा लाल ठिपका पडला होता.
पाच मिनिटं गेली. दहा.
ठिपका सरकला. तांदळाच्या दाण्याएवढा,
त्यांच्या बाजूला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"हवा गरम झाली असेल," म्हणाले, "माझ्या अंगाने."

हे नाकारायला मला तीन महिने लागले असते,
आणि वेगळी खोली.
"असेल," मी म्हटलं.

शेवटची बस साडेनऊची होती.
ते तिथून हलले नाहीत.